मास्तरांची कोंबडी

अखेर कुणीतरी योग्य पत्त्यावर लिहिलं होतं! नेलिदाने खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली.

पक्षी बघणाऱ्यांची ईमेलची यादी ती सतरा वर्षं सांभाळत होती. एकाने लिहिलं की सगळ्या चारशे बारा जणांच्या पेटीत पडायचं, अशी ती यादी. ज्याला बाहेर पडायचंय त्याने फक्त व्यवस्थापकाला कळवावं, ही सूचना प्रत्येक पत्राखाली ठळक अक्षरांत असायची. पण वाचतो कोण? लोक 'माझं नाव कमी करा' असं झाडून सगळ्यांना कळवत, मग दहा जण 'सगळ्यांना का कळवता?' असं पुन्हा सगळ्यांनाच विचारत. नेलिदाची अख्खी नोकरी मोन्तेविदेओच्या पोस्टात पत्रं लावण्यात गेली होती. चुकीच्या पत्त्याचं पत्र दिसलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

आणि आज चक्क आरिओस्तो मास्तरांनी नियम पाळला होता. हाच माणूस तीनदा चिडून सगळ्यांना कळवून बाहेर पडला होता आणि महिन्याभरात परत आला होता. आज फक्त तिला लिहिलं होतं. त्या आनंदात तिने पत्र पुरतं वाचलंही नाही. झटक्यात नाव कमी केलं, वर 'धन्यवाद मास्तर, असंच लिहावं' असं उत्तर ठोकून दिलं.

मग पत्र वाचलं.

'नेलिदाबाई, पांढऱ्या भुवयांची पाणकोंबडी मी एकदाच पाहिली, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. ना फोटो, ना साक्षीदार. लोक हसतात, त्याचं आता काही वाटत नाही. पण हल्ली मलाच शंका येते, की मला स्वप्न तर पडलं नव्हतं? माझं नाव कमी करा. या वेळी परत येणार नाही.'

नेलिदाचा चेहरा उतरला. 'मास्तर, कोंबडीनं अंडं घातलं का?' असं यादीवर दर वसंतात कुणी ना कुणी विचारायचंच. तीही हसली होती. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

यादीबाहेरच्या माणसाने लिहिलेलं पत्र आधी तिच्याकडे अडायचं. तिने बटण दाबलं तरच पुढे जायचं. आज असं एकच पत्र अडलं होतं. तिने उदास मनानेच ते उघडलं.

'मी तुमची सभासद नाही. लास्कानोला भातकापणीचं यंत्र चालवते. काल यंत्रापुढून हा पक्षी पळाला, म्हणून यंत्र थांबवून फोटो काढला. आमचे मास्तर शाळेत फळ्यावर हाच काढायचे. भुवयांना खडू जोरात दाबायचे. मास्तरांना कुणी कळवेल का? यानिना.'

खाली फोटो होता. चिखलात एक पाय उचलून उभी असलेली, काळपट, ठेंगणी पाणकोंबडी. डोळ्यांवर दोन ठसठशीत पांढऱ्या रेघा.

"एल्बिओ!" नेलिदा एवढ्या जोरात ओरडली की नवरा बगलेतल्या थर्माससकट धावत आला.

"काय गं, घर पेटलं की काय?"

"कोंबडी सापडली! मास्तरांची कोंबडी!"

"मग कांदा चिरायला घेऊ?"

"मेल्या, नीट बघ तरी! भुवया बघ!"

एल्बिओने चष्मा वर सरकवला. त्याला चिमणी आणि कबुतर यांपलीकडे काही कळत नसे, पण मास्तरांची कोंबडी या घरात त्यालाही पाठ होती. "आयला," तो हळूच म्हणाला. "मग बसलीस काय? दे सोडून सगळ्यांना."

"आधी मास्तरांनी बघायला हवं. आणि मास्तर यादीत नाहीत. वीस मिनिटांपूर्वी मीच काढलं त्यांना. वर धन्यवादही दिले!"

"मग घाल परत. बटण तुझ्याच हातात आहे."

"ज्याचं त्याने सांगितल्याशिवाय मी कुणाला घालत नाही."

"पोस्टातून सुटलीस, पण पोस्ट काही तुला सोडत नाही," एल्बिओ म्हणाला आणि तिच्यासाठी येर्बाच्या पानांच्या कडू चहाचा पेला भरू लागला.

तिने यानिनाचं पत्र फोटोसकट मास्तरांच्या पत्त्यावर पाठवलं. वर एवढंच लिहिलं: 'मास्तर, स्वप्न नव्हतं.'

मग ती थांबली. पेला हातातच निवला. एल्बिओ दोनदा म्हणाला की म्हातारा झोपला असेल, आणि दोन्ही वेळा तिने त्याला गप्प केलं. अकरा मिनिटं गेली. तेरा गेली. आणि अडलेल्या पत्रांत एक नवं पत्र येऊन पडलं.

पाठवणारा: आरिओस्तो. कुणाला: यादीतल्या सर्वांना.

'मला परत घ्या! आत्ताच्या आत्ता! यानिना, तू खिडकीजवळच्या बाकावर बसायचीस ना? पोरी, पाय! पायांचा रंग कोणता होता? फोटोत चिखल आहे!'

"चुकीच्या पत्त्यावर आलंय," एल्बिओ गालात हसला. "नियमाप्रमाणे परत पाठवायचं ना?"

नेलिदाने डोळे पुसले. आधी यानिनाचं पत्र सोडलं, मग त्याच्या पाठोपाठ मास्तरांचं. चारशे अकरा जणांना, आणि यानिनालाही.

आणि सतरा वर्षांत पहिल्यांदाच तिने स्वतः सगळ्यांना उत्तर लिहिलं: 'घेतलं, मास्तर.'