पासिंग

"लॅब टेक्निशियनच्या कोर्सचं पासिंग यंदापासून पन्नासचं चाळीस करू. नाहीतर वर्ग ओस पडतील," प्राचार्य म्हणाले. भराभर हात वर झाले. धुमाळ मॅडमचा तेवढा मांडीवरून हलला नाही.

त्यांच्याकडे कुणी बघेना. भलत्याच गटाचं रक्त चढवल्यामुळे त्यांचे यजमान गेले, हे तिथल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

बाहेर त्यांची विद्यार्थिनी सुकेशनी ताटकळत उभी होती. चार मार्कांनी नापास झालेली. काय ठरलं ते कळताच तिने रडत मॅडमचे पाय धरले. "तुम्हीच माझ्यासाठी भांडलात ना, मॅडम?"

मॅडमना नाही म्हणवेना. त्यांनी तिला उठवून जवळ घेतलं.

"कितीही घाई असू दे," तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "रक्ताची पिशवी देताना गट पुन्हा एकदा बघत जा गं, बाळा."