सांभाळून घेणारी माणसं

तिच्या हातून सूप पाहुण्याच्या बाहीवर सांडले, तरी तिला कोणीही रागावले नाही. मॅनेजरांनी स्वतः पाहुण्याची क्षमा मागितली. मुख्य आचाऱ्याने दुसरा वाडगा पाठवला आणि "होतं गं बाळा" म्हणत तिच्या पाठीवर थोपटले.

दुपारची गर्दी ओसरल्यावर ती टेबलांवरची कापडे बदलू लागली. तिचे वडील याच हॉटेलात कॅप्टन होते. इथला प्रत्येक वाढपी त्यांच्या हाताखाली तयार झाला होता. त्यांनी एक खुर्ची ओढली.

"तोंड का पाडलंस? मॅनेजरसाहेबांशी बोललोय मी. तुझी इंटर्नशिप इथेच पक्की. त्या परदेशातल्या हॉटेलला नाही म्हणून कळवून टाक."

"त्यांना उद्याच उत्तर द्यायचंय, बाबा."

"मग झालं तर. तिकडे काय सूप सोन्याच्या वाडग्यात देतात? की नुसते फोटो काढायचेत?"

ती हसली नाही. ते जरा मऊ झाले. "अगं, इथे सगळे तुला किती सांभाळून घेतात. अशी माणसं तिकडे मिळणार आहेत का?"

"नाही मिळणार. म्हणूनच जायचंय."

ते टेबलावरचे काटेचमचे सरळ करू लागले.

"आज माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाच्या हातून सांडलं असतं तर?" तिने हळूच विचारले.

उत्तर दोघांनाही ठाऊक होते. ज्याच्या हातून सांडे, त्याला तिचे वडील काठोकाठ भरलेले पेले ट्रेमध्ये देत आणि हात स्थिर होईपर्यंत दालनभर फिरवत. कितीही वेळ लागो.

"मला एकदाही फिरवलं नाहीत तुम्ही. मला येतं की नाही, ते मला कळणार कसं?"

त्यांनी कापडाची घडी बोटाने दाबून बसवली. मग उठले. सहा पेले त्यांनी स्वतः भरले, अगदी काठापर्यंत, आणि ट्रे तिच्यासमोर ठेवला.

"उचला," ते म्हणाले, इतर वाढप्यांना म्हणत तसे.

ती त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"बघताय काय? पाहुणे खोळंबलेत."

तिने ट्रे उचलला. ते चार पावले मागून चालू लागले. खिडकीजवळच्या वळणावर ट्रे कलला आणि त्यांचा हात आपसूक पुढे गेला. तो त्यांनी मागे घेतला, आणि पाठीशी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.