पहिल्याच रिंगला

निर्मातीने लाल बटण दाबलं की तिचा आवाज काचेपलीकडच्या निवेदिकेच्या कानात पोचायचा. टीव्हीवरचा आरोग्याचा कार्यक्रम थेट चालू होता, नेत्रतज्ज्ञ ताटकळले होते आणि फोनवरच्या बाई मुद्द्यावर येत नव्हत्या. “आवर त्यांना. चाळीस सेकंद खाल्ले,” ती करवादली. निवेदिकेने हसून विचारलं, “काकू, नेमका प्रश्न काय?” “परवा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सोबत घरचं माणूस लागतं म्हणतात.” “मग मुलांना सांगा ना.” “मुलीला सात फोन केले. तुम्ही पहिल्याच रिंगला उचललात.” निर्मातीने आवाज ओळखला. टेबलावरचा उपडा मोबाइल उलटून बघायची गरज नव्हती. कपाळाला हात लावून तिने पुन्हा बटण दाबलं. “सांग, मुलगी येईल. आणि फोन ठेवायला सांग आईला.” निवेदिकेने गोंधळून निरोप दिला. “येते तर नेहमीच म्हणते,” आई म्हणाली. “किती वाजता, ते विचारा.”