हरकत नसल्यास

तामिरचं ते पत्र तैयब सल्लामीने तीनदा वाचलं होतं आणि तीनही वेळा उत्तर उद्यावर ढकललं होतं. कैरोहून आलेलं पत्र, अतिशय सभ्य. 'आपल्या सहकारी मबरूका यांची भाषा अलीकडे मंडळींना दुखावते. त्यांच्याकडची किल्ली काढून घ्यावी, असं सुचवतो. सात दिवसांत कुणाची हरकत नसल्यास सर्वांची संमती समजली जाईल.'

आठव्या दिवशी भर दुपारी मबरूका स्वतःच दारात उभी राहिली. दक्षिणेतल्या गाबेसहून शेअर टॅक्सीने आली होती. डोक्यावरचा रुमाल धुळीने भरलेला, हातात पिशवीसुद्धा नाही.

"आजारी होतात का, काका?"

"नाही. ये ना आत. माशाचं सूप आहे, गरम करतो."

"प्रवासात होतात?"

"घरीच होतो."

"मग सूप राहू द्या," ती म्हणाली आणि आत येऊन संगणकासमोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

वुसला हा अरबी अक्षरं पडद्यावर एकमेकांना नीट जोडून दाखवणारा प्रोग्राम. तो कुणाच्या मालकीचा नव्हता. कुणीही फुकट घ्यावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. ती आत घ्यायची की नाही ते पाच राखणदार ठरवत. किल्ल्या, म्हणजे प्रोग्राममध्ये बदल करण्याचा अधिकार, त्या पाचांकडेच. त्यांत तामिर आणि आणखी दोघे आता एकाच कंपनीचे पगारदार होते; उरलेले दोघे म्हणजे तैयब आणि मबरूका. कंपनीला जुन्या संगणकांसाठीचा भाग नको होता. मबरूका शिकवायची त्या शाळेत आणि दक्षिणेतल्या कितीतरी शाळांत तेच जुने संगणक होते. तो भाग काढून टाकणारी तामिरची दुरुस्ती तिने दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा खाली लिहिलं, 'हे करताना डोळे उघडे होते का?'

एवढीच तिची भाषा.

"एक हरकत आली असती तरी ठराव अडला असता," ती म्हणाली. "पाचांत एक. 'नाही'. दोन अक्षरं, काका!"

"तू स्वतः का नाही…"

"ज्याच्यावर ठराव त्याने बोलायचं नाही. कलम कुणाचं आहे? तुमचंच!"

खरं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता तैयबनेच हे नियम लिहिले होते. चारचौघांत बोलणं त्याला कधी जमलं नाही. गप्प माणसाला कुणी बोलायला लावू नये, म्हणून त्याने गप्प बसण्याला संमती ठरवलं. तेव्हा त्याला ते फार माणुसकीचं वाटलं होतं.

"मला वाटलं, मी मध्ये पडलो तर प्रकरण वाढेल," तो पुटपुटला.

"वाढू दे की! परवा ते तिघे जुना भाग उपटून नवी आवृत्ती काढणार. मग माझी पोरं वाचणार काय? सुटी सुटी अक्षरं? अकरा वर्षं मी शाळा सुटल्यावर त्या भागात मान मोडली. आणि मला काढायला कुणाला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही!"

तैयब खुर्चीत बसला. हळूहळू टाइप करू लागला. 'आदरणीय सहकाऱ्यांनो, उत्तरास विलंब झाला, त्याबद्दल मनःपूर्वक क्षमस्व. सवड झाल्यास या विषयाचा कदाचित पुन्हा विचार…'

"हे काय, लग्नाचं आमंत्रण आहे?"

त्याने बोटं मागे घेतली. "नियमात आजारपणाची सूट आहे. मुदत वाढवून मिळते. आजारी होतो, असं लिहू?"

"लिहा ना. काय झालं होतं म्हणून लिहू या? जीभ गळून पडली होती?"

ती वाकून पडद्याकडे पाहत होती. तो लिहीत होता त्या पत्राच्या खाली, सकाळीच आलेलं तामिरचं आणखी एक पत्र होतं. फक्त तैयबला पाठवलेलं. तिने ते मोठ्याने वाचलं.

"'तैयब काका, आपल्या मौनाबद्दल आभारी आहे. आपल्यासारखं वडीलधारं माणूस पाठीशी आहे, याचा मोठा आधार वाटतो.'"

शेवटच्या शब्दांवर तिचा आवाज फाटला. ती खिडकीकडे वळली.

तैयबने ते पत्र सकाळी वाचलं होतं. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. उलट थोडं बरं वाटलं होतं. आता त्याचे कान तापले. आपल्याला कुणी इतकं अचूक ओळखून असावं, आणि त्या ओळखीवर आपला असा हिशोब मांडावा! त्याने टाइप केलेलं सगळं पुसलं. यावेळी बोटं अडखळली नाहीत.

'ठरावाला माझा विरोध आहे. मुदत टळली, हे मला माहीत आहे. मी आजारी नव्हतो, प्रवासात नव्हतो. सातही दिवस घरी होतो, पत्र वाचलं होतं आणि भीतीने गप्प बसलो. ती संमती नव्हती. हा नियम मी लिहिला, चुकीचा लिहिला. मबरूकाला काढायचं असेल तर ज्यांना ती नको आहे त्यांनी इथे सगळ्यांसमोर, आपापल्या नावाने, तसं लिहावं. मी वाट पाहतो आहे. तैयब सल्लामी.'

"हे फक्त पाच जणांना?" तिने न वळता विचारलं.

त्याने पाचांची नावं खोडली आणि मोठी यादी निवडली. प्रोग्राम वापरणारी, दुरुस्त्या पाठवणारी अकराशे माणसं. छापखानेवाले, मास्तर, विद्यार्थी. त्या यादीवर एकोणीस वर्षांत त्याने एकदाही लिहिलं नव्हतं.

त्याने बटण दाबलं.

क्षणभराने मबरूकाच्या खिशातला फोन वाजला. त्या यादीवरून तिचं नाव कुणी काढलं नव्हतं.