माशांचं पाणी

"आधी तो माशांचा दिवा बंद कर," आजी म्हणाली.

दिवा बंद झाला. खिडकीतून दुपारचं ऊन थेट तिच्या मांडीवरच्या बाळावर पडलं होतं. त्या उन्हातही बाळाचे ओठ तसेच राहिले, पाटीसारखे करडे-निळे. नखंही तशीच.

गेले आठ दिवस बाळाचा बाप म्हणत होता, दिव्यामुळे तसं दिसतं. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बाहेरच्या खोलीत काचेच्या सहा टाक्या होत्या, प्रत्येकीवर निळा दिवा. त्या खोलीत बसलेलं प्रत्येक माणूस थोडं बुडाल्यासारखं दिसायचं. टाक्यांत ताटलीएवढे चपटे मासे होते आणि महिन्याभरात ते कधी नव्हे इतके लाल झाले होते.

"पोराचा रंग उतरतोय आणि ह्यांच्या अंगावर चढतोय," आजी म्हणाली. "मी काही आंधळी नाही."

"आई, काचेतून रंग जात नाही."

"मग कुठून जातो ते तू सांग."

सात आठवड्यांचं बाळ रडायला लागलं, पण आवाज फुटेना. बाळाच्या आईने त्याला उचललं आणि चपला न घालताच ती जिना उतरू लागली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी छाती तपासली. हृदय ठणठणीत, फुप्फुसं साफ. प्राणवायूचा मुखवटा लावला, तरी ओठांचा रंग बदलला नाही. मग त्यांनी टाचेतून रक्ताचा थेंब काढला आणि कागदावर टिपला. थेंब तपकिरी होता, कोऱ्या चहासारखा. त्यांनी कागद हवेत हलवला. हवा लागली की काळपट रक्त लाल होतं. हे होईना. बाईंनी कागद खाली ठेवला आणि नर्सला एका औषधाचं नाव सांगितलं.

औषध शाईसारखं गडद निळं होतं.

"आणखी निळं?" आजी पुटपुटली.

सुईतून ते हळूहळू आत गेलं. सगळे बाळाकडे बघत उभे राहिले. वीस मिनिटांनी कानांच्या पाळ्या गुलाबी झाल्या, मग ओठ. मग बाळाने असा काही टाहो फोडला की नर्स हसली. बाळाची आई खुर्चीत बसली आणि पदरात तोंड लपवून रडली.

"वाचलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता मला सांगा, दूध कोणतं?"

"पावडरचं," आजी म्हणाली. "हिला बाळंतपणातच ताप आला ना, अंगावरचं आटलं. पण पाणी मी उकळून घेते हं. चांगलं अर्धा तास."

"उकळून जंतू मरतात, आजी. नायट्रेट तसंच राहतं. उलट पाणी आटलं की आणखी दाट होतं. ते जास्त झालं की एवढ्या लहान बाळाचं रक्त असं होतं. तुमच्या पाण्यात ते असणार."

"शक्य नाही," बाप म्हणाला. तो पंप दुरुस्त करायचा आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. माशांमुळे नळाच्या पाण्याचा ताजा अहवाल त्याच्या खिशातच होता. नायट्रेट चाळीस. पंचेचाळीसपर्यंत चालतं.

"नमुना कुठला?"

"रस्त्यावरच्या नळाचा. तेच पाणी आमच्या गच्चीवरच्या टाकीत चढतं. माशांना तेवढंही सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी शुद्ध करायचं यंत्र आहे."

"त्या यंत्राचं सांडपाणी गटारात जातं?"

"सांडपाणी नाहीच आमच्याकडे." एवढ्या धास्तीतही त्याच्या आवाजात थोडी ऐट आली. "आधी जायचं. एक बादली माशांना, चार बादल्या गटारात. आई रोज बोलायची. पाणी येतं दिवसाआड तासभर. म्हटलं, बाळ येणार, धुणं वाढेल. थेंबही वाया जात नाही आता."

"हो, माशांची चैन आहे," बाळाची आई डोळे पुसत म्हणाली. "रोज निम्मं पाणी ताजं. पुढच्या जन्मी मीही टाकीतच येणार."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "सांडपाणी नाही, तर मग माशांच्या पाण्यातून काढलेलं सगळं जातं कुठे?"

त्याने अहवाल उलटा केला आणि पेन काढलं. असे प्रश्न त्याला आवडायचे. गच्चीवरची टाकी काढली. टाकीतून यंत्राकडे बाण. यंत्रातून माशांकडे एक बाण, फक्त शुद्ध पाण्याचा. उरलेल्या पाण्याचा बाण वळवून, मध्ये छोटा पंप दाखवून, त्याने परत टाकीत नेला. दुसऱ्या दिवशी तेच पाणी पुन्हा यंत्रात. शुद्ध तेवढं पुन्हा माशांना, बाकी पुन्हा वर. तो त्या गोलाभोवती पेन फिरवत राहिला आणि बाहेर जाणारी वाट शोधू लागला.

एकच होती. टाकीच्या तळातून खाली, घरातल्या नळांना. स्वयंपाकघरातल्याही.

पेन तिथे थांबलं. आजीने चित्राकडे पाहिलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण मुलाचा चेहरा कळला.

"काय रे? काय झालं?"

माशांना सोसणार नाही म्हणून त्याने पाण्यातून जे जे काढून टाकलं होतं, ते सगळं गेले सात आठवडे त्याचं बाळ पीत होतं.