कपडे वाळत घालायचा स्टँड

गेल्या वर्षी पुण्याच्या कॉमिक्स मेळ्यात शलाकाची कॉमिक्स टेबलावर आडवी पडून राहिली आणि लोक पुढे निघून गेले. या वर्षी उभा स्टँड हवाच होता. पण लोखंडी रॅक सांगलीहून बसमध्ये घालून नेणार कसा? शेवटी तिची नजर गॅलरीत गेली. तिथे कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड होता.

"ने की," सासूबाई म्हणाल्या. "पण मी येणार. त्याचा एक पाय अडकतो, तुला नाही जमायचं."

शलाकाने काढलेलं यंदाचं कॉमिक एका सासूवर होतं आणि सासूबाईंनी ते अजून पाहिलं नव्हतं.

मेळ्यात सासूबाईंनी स्टँड उघडला आणि चाळीस प्रती स्वतःच्या हातांनी चिमटे लावून टांगल्या. मग एक काढून घेतली, चष्मा लावला आणि खुर्चीत बसून पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. त्या अर्ध्या तासात आपण गिऱ्हाइकांशी काय बोललो, हे शलाकाला आजही आठवत नाही.

एका मुलीने आधी मुखपृष्ठाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "आजी, या तुम्हीच ना?"

"मीच. पण मी सुनेला इतकं टाकून बोलत नाही." त्या थांबल्या आणि शलाकाकडे वळल्या. "बोलते का गं?"

"कधी कधी," शलाका म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली, चिमटा काढला आणि एक प्रत त्या मुलीपुढे धरली.

"घे. सगळं खरं आहे."