एकाच साच्यातली बिस्किटं

"अगं, डब्याला कान तर लाव. कागद चुरगाळल्यासारखा आवाज येतो," अळीराव म्हणाला.

तिने नाकावर रुमाल दाबला. डब्यात माशीच्या अळ्या एकमेकींच्या अंगावर वळवळत होत्या. ओलसर, पांढुरक्या. वास तर असा, की थेट जिभेवर चढायचा. अर्धं जैवतंत्रज्ञान, अर्धा धंदा, असा त्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. जोडीतल्या एकाने माल बनवायचा, दुसऱ्याने विकायचा. आपल्या वाट्याला विक्री आली म्हणून ती खुशीत होती. माल असा निघाला, आणि जोडीदाराचं नाव तिने अळीराव ठेवलं.

"मॅनेजरबाई, विकायचंय तुला. एक तरी चाखून बघ."

"विकणाऱ्याने खाल्लंच पाहिजे का? तू खातोस ना?"

"मी? डझनावारी!" म्हणत त्याने घाईघाईने झाकण लावलं.

अळ्या वाळवून, दळून त्या पिठाची बिस्किटं करायची; शेवटची परीक्षा चवीची. परीक्षक म्हणून बिस्किट कारखान्याचे मालकच येणार होते. दोन बशा, एकाच साच्यातली बिस्किटं. एकीपुढे पाटी 'अळीचं पीठ', दुसरीपुढे 'कारखान्याचं'. अळीचं आवडलं तर पदवी आणि वर कारखान्याशी करार. नाहीतर सगळं मुसळ केरात.

बशा-पाट्या मांडून अळीराव मालकांना आणायला खाली गेला. ती एकटीच उरली. तो वास आठवला. हे कोण गिळणार? तिने झटकन पाट्यांची अदलाबदल केली. आता मालक स्वतःचंच बिस्किट अळीचं समजून खातील आणि मान डोलावतील. धंदा, धंदा म्हणतात तो हाच.

मालकांनी 'अळीचं पीठ' पाटीपुढचं बिस्किट तोंडात टाकलं, चावलं आणि रुमालात थुंकून टाकलं.

"शी! ओकारी येते हो!" मग दुसऱ्या बशीतलं खाल्लं आणि चेहरा खुलला. "याला म्हणतात बिस्किट! सर, ही पोरं नापास."

कोपऱ्यातले प्राध्यापक पेन उघडू लागले. अळीराव पांढराफटक पडला. तिचं मात्र डोकं फिरलं. स्वतःच्याच मालावर थुंकायचं आणि वर आम्हालाच नापास करायचं?

"साहेब, पाट्या मी बदलल्यात! थुंकलात ते तुमचं. मिटक्या मारत खाल्लंत ते अळीचं!"

मालकांचा हात गळ्याशी गेला. प्राध्यापक ताडकन उठले. ती छाती काढून उभी राहिली.

अळीरावाने मागून तिची बाही ओढली.

"गप्प बस गं बाई," तो कुजबुजला. "मांडतानाच त्या पाट्या मी उलट्या लावल्या होत्या."